मुंकचा चंद्र एवढा खाली का?

फिरस्ती

नमस्कार मंडळी. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कुणी कान धरायला नको.

सहा वर्षं ओस्लोत राहतेय. भारतातून पाहुणे आले की त्यांना नॅशनल म्युझियम दाखवणं हे घरात माझं खातं. 'किंचाळी' (मुंकचं 'द स्क्रीम') बघायची, फोटो काढायचा, कॅफेत जायचं आणि कॉफीची किंमत रुपयांत काढून हळहळायचं, असा ठरलेला कार्यक्रम. यंदा मे महिन्यात आई आली. ती 'किंचाळी'समोर दोन मिनिटंही टिकली नाही. "याला काय झालंय?" एवढं विचारून पुढे सरकली आणि 'जीवननृत्य'समोर जी उभी राहिली ती हलेचना. शेवटी म्हणाली, "अगं, समुद्रात ही समई कुणी ठेवलीय?"

ज्यांनी चित्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने हे १८९९-१९००मध्ये केलं. उन्हाळ्यातली रात्र, समुद्राकाठची हिरवळ, जोड्या नाचताहेत. डावीकडे पांढऱ्या कपड्यातली तरुणी, मध्ये लाल झग्यातली, उजवीकडे काळ्या कपड्यातली, हात घट्ट गुंफून उभी. मागे समुद्र आणि त्यावर चंद्र. पण पाण्यातलं प्रतिबिंब आपण काढतो तसं तुटक, चमचमतं नाही. चंद्राच्या बुडातून सरळ, एकसंध, जाड खांब खाली उतरतो. वर गोल तबकडी, खाली पितळी दांडा. आईने म्हटल्यापासून मला तिथे दुसरं काही दिसतच नाही.

घरी येऊन शोधलं तर ही समई मुंकच्या चित्रांत जागोजागी सापडली. 'आवाज' (१८९३), 'चांदणं' (१८९५), दोन्हींत झाडांच्या खोडांमधून तोच खांब. बरेच समीक्षक त्याला लिंगप्रतीक म्हणतात. तो भाग मी आईला वाचून दाखवला नाही.

आता खरा प्रश्न. जूनच्या पौर्णिमेला आम्ही एका मैत्रिणीच्या केबिनवर, फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या, काठी बसलो होतो. अकराच्या सुमारास चंद्र आला, आणि काय सांगू, समई! तांबूस, जड, आणि बराच वेळ तिथेच रेंगाळलेला. मग मुंकने जे दिसलं तेच काढलं असं म्हणायचं का? तसं असेल तर त्याला अभिव्यक्तिवाद्यांचा मूळपुरुष वगैरे का म्हणतात? ते लोक तर मनातलं आभाळ काढतात ना?

वरणफळ

मला मंच म्हटलं की चॉकलेट आठवतं. हलके घ्या. पण वाचतोय. समई डोक्यात पक्की बसली.

फिरस्ती

@वरणफळ, इथे मुंक म्हणतात. मीही पहिली दोन वर्षं मंचच म्हणायचे आणि लोक सभ्यपणे दुसरीकडे बघायचे.

तारांगण

फिरस्ती, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्या आवाक्यातला आहे, तेवढाच घेतो.

पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकून उंच चढलेला, म्हणून पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला दबलेला. म्हणजे वटपौर्णिमेचा चंद्र हा वर्षातला सगळ्यात बुटका, आणि पौषातला सगळ्यात उंच. मुंबईत हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक तर जूनमध्ये ढग, आणि दुसरं म्हणजे मुंबईचे अक्षांश १९, त्यामुळे बुटका म्हटला तरी तो ४७-४८ अंशांपर्यंत चढतो.

मुंक उन्हाळ्यात राहायचा ते ओस्गोर्स्त्रांद गाव ५९ अंशांच्या थोडं वर आहे. तिथला हिशेब: ९० वजा ५९.४, त्यातून वजा २३.४. हातात उरतात जेमतेम ७ अंश. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण १० अंश भरते. म्हणजे तिथला उन्हाळी पूर्णचंद्र रात्रभर तुमच्या मुठीच्या आतच फिरतो. उगवतो, क्षितिजालगत तिरका सरपटतो, मावळतो. तुम्हाला 'रेंगाळलेला' वाटला तो खरंच रेंगाळला होता. तांबूसही म्हणूनच, हवेच्या जाड थरातून येतो.

आता खांब. पाणी आरशासारखं असेल तर चंद्राचं एकच गोल प्रतिबिंब दिसतं. बारीक लाटा असल्या की प्रत्येक लाटेचा उतार हा एक छोटा आरसा होतो आणि प्रतिबिंब तुमच्याकडे लांबत येतं. चंद्र जितका खाली, तितका हा पट्टा लांब आणि अरुंद. चंद्र वर गेला की पट्टा आखूड आणि रुंद होतो, समईचा पोळपाट होतो म्हणा. शिवाय ओस्गोर्स्त्रांद फ्योर्डच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे चंद्र पाण्यावरच उगवणार.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर: समई खरी आहे.

गुहागरी

आमच्याकडे उलटं. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे चंद्र डोंगरामागून येतो आणि पाण्यावरचा पट्टा बघायचा तर पौर्णिमेच्या पहाटे उठावं लागतं, मावळताना. पहाटे होडी काढणाऱ्यांना हे नवीन नाही.

एक गंमत लक्षात आली आहे का कुणाच्या? पुळणीवर चालायला लागलं की पट्टा तुमच्याबरोबर चालतो. लहानपणी मी आणि भाऊ यावरून भांडायचो, तो म्हणायचा माझ्याकडे येतोय, मी म्हणायचो माझ्याकडे. दोघंही बरोबर होतो. पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा वेगळा पट्टा दिसतो.

अवनी९

@गुहागरी, हे भारी आहे. म्हणजे 'जीवननृत्य'मधल्या त्या तिघींना तीन वेगळ्या समया दिसत असणार, आणि चित्रात आहे ती फक्त मुंकची.

जुना_कॅनव्हास

धागा चांगला आहे, पण तारांगणांचं 'समई खरी आहे' वाचून राहवलं नाही. चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, आता पेन्शनीत आहे, त्यामुळे वेळ भरपूर आहे. सोसा.

चंद्र किती अंशांवर होता हे कळलं म्हणून चित्र कळत नाही. खरा पट्टा लाटांमुळे सतत हलतो, कडा फुटलेल्या असतात. मुंकने कडा फुटू दिल्या नाहीत. लाटा काढून टाकल्या, चमक काढून टाकली, उरला खांब. हा निर्णय त्याचा आहे, चंद्राचा नाही. आणि एकदा खांब झाला की तो काय करतो बघा. 'चांदणं'मध्ये झाडांची खोडं उभी, खांबही उभा. 'आवाज'मध्ये मुलगी हात मागे घेऊन ताठ उभी, तिच्या मागे खोडं, त्यांच्या मागे खांब. आडवी फक्त किनाऱ्याची रेषा, तीसुद्धा नागमोडी वळणारी. या उभ्या-आडव्याचा ताण हे त्या चित्राचं व्याकरण आहे. लिंगप्रतीक म्हणणारेही मला उथळ वाटतात, कारण एकदा तो शिक्का मारला की बघणं थांबतं.

अभिव्यक्तिवादी मंडळींनी आभाळ हवं तसं फिरवलं आहे. मुंक आणि त्याच्या आधीचा व्हॅन गॉग हे दोघं या लोकांचे आजोबा. व्हॅन गॉगचं 'तारांकित रात्र' जून १८८९चं, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयातलं. त्यात चंद्रकोर आहे. त्या दिवसांत प्रत्यक्ष चंद्र अर्ध्याहून बराच मोठा होता, हे खगोलवाल्यांनीच काढलंय. त्याच्या आदल्या सप्टेंबरात आर्लला त्याने ऱ्होन नदीवरची रात्र रंगवली. नजर नैर्ऋत्येकडे आणि आभाळात सप्तर्षी! उत्तरेचे सप्तर्षी उचलून नदीवर टांगले, कारण तिथे त्याला ते हवे होते. तारांगण, त्याला तुम्ही नापास करणार का?

ठोकळा

चंद्र किती अंशांवर होता यावर एवढा काथ्याकूट? चंद्र आहे, छान आहे. उगाच पाडलेली जिलबी.

वरणफळ

@ठोकळा, चंद्रासारखीच गोल जिलबी. तुम्ही खा, आम्ही बघतो.

तारांगण

@जुना_कॅनव्हास सर, नापास कुणाला करतोय? उलट व्हॅन गॉगने सप्तर्षींचा आकार चोख काढलाय, फक्त दिशा बदलली. जो माणूस आकार इतका नीट बघतो त्याने दिशा चुकून बदललेली नाही. हे कळायला आधी खरं आभाळ माहीत असावं लागतं, एवढंच माझं म्हणणं. नाहीतर 'हवं तसं फिरवलं' हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार?

आता एक गोष्ट काल रात्री बसून काढली, ती सांगतो. चंद्राची कक्षा थोडी कललेली आहे आणि तिचा कल साधारण १८.६ वर्षांत एक फेरा मारतो. त्यामुळे काही वर्षं वटपौर्णिमेचा चंद्र आणखी ५ अंश खाली जातो आणि मधल्या काही वर्षांत तितकाच वर राहतो. असा अतिबुटका काळ नुकताच होऊन गेला. २०२५च्या जूनमध्ये ओस्लोतून पूर्णचंद्र क्षितिजाच्या वर दोन अंशही चढला नाही. तिथून १८.६ वर्षांच्या उड्या मागे मारत जा: २००६, १९८७, १९६९, १९५०, १९३२, १९१३, १८९४.

१८९४! 'आवाज' १८९३चं, 'चांदणं' १८९५चं. म्हणजे मुंकने ही समई पहिल्यांदा काढली तेव्हा ओस्गोर्स्त्रांदचा उन्हाळी पूर्णचंद्र साडेअठरा वर्षांतला सगळ्यात खालचा होता. रात्रभरात जास्तीत जास्त अडीच-तीन अंश. म्हणजे मुठीतसुद्धा नाही, दोन बोटांत.

स्टेलॅरियम (कुठल्याही दिवशीचं आभाळ दाखवणारं सॉफ्टवेअर) असेल तर कुणीही ताडून पाहा.

अवनी९

अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

गुहागरी

+१

फिरस्ती

तारांगण, हे भन्नाट आहे. आईला फोनवर सांगितलं (ती आता सांगलीला परत गेली). तिला कक्षा वगैरे कळलं नाही, पण "म्हणजे त्या वर्षी समई बसकी होती" असा तिने सारांश काढला.

पण मग एक शंका. 'जीवननृत्य' १८९९-१९००चं आहे. तेव्हा चंद्र कुठे होता?

तारांगण

तेव्हा तो पुन्हा वर आला होता. १९००च्या जूनमध्ये साधारण ८ अंश.

जुना_कॅनव्हास

बघा! आता हा हिशेब तुमच्याच तोंडून आला म्हणून बोलतो. १९००मध्ये चंद्र दोन-तीनपटीने वर जातोय आणि मुंकच्या चित्रात मात्र तोच बसका, तोच खांब. म्हणजे १९००चा चंद्र त्याने काढलाच नाही. त्याने १८९३चा काढला. मी जे बघतो ते नव्हे, जे पाहिलं ते रंगवतो, अशा अर्थाचं मुंकचं वाक्य प्रसिद्ध आहे. आम्ही ते वर्गात फळ्यावर लिहायचो आणि पोरं वहीत उतरवून विसरून जायची. मलाही त्याचा असा रोकडा पुरावा आजवर मिळाला नव्हता, तो तुम्ही दिलात.

अर्थात ओझं फार टाकू नका त्यावर. नुकताच उगवलेला कुठलाही चंद्र खालीच असतो. मुंक रात्रीच्या कुठल्या घटकेला बघत होता कोण सांगणार?

तारांगण

मान्य, सर. कोर्टात टिकणार नाही. पण तो खालचा चंद्र त्या वर्षांत रात्रभर खालीच राहिला, अर्ध्या तासात निघून गेला नाही, एवढं तरी पदरात घाला. बघायला वेळ मिळाला त्याला.

निशिगंध_

मध्येच तोंड घालते. 'किंचाळी'च्या लाल आभाळाचं काय? ते क्राकाटोआ ज्वालामुखीमुळे होतं असं वाचलंय.

तारांगण

तो एक दावा आहे. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि सहकाऱ्यांचा, २००४मधला. क्राकाटोआ ऑगस्ट १८८३मध्ये फुटला आणि त्या हिवाळ्यात नॉर्वेतही संध्याकाळी आभाळ रक्तासारखं पेटायचं. २०१७मध्ये नॉर्वेच्या हवामान अभ्यासकांनी दुसरा दावा मांडला: ते मोतिया ढग असावेत, हिवाळ्यात फार उंचावर तयार होणारे, लाटालाटांचे, सूर्यास्तानंतरही रंगीत चमकणारे. मला दुसरा जास्त पटतो, कारण चित्रातलं आभाळ नुसतं लाल नाही, लाटांचं आहे. मुंकने स्वतः १८९२च्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवलंय की दोन मित्रांबरोबर चालताना सूर्य मावळला आणि आभाळ रक्तासारखं लाल झालं. चित्र १८९३चं. क्राकाटोआ खरा मानला तर ते आभाळ त्याच्या डोक्यात दहा वर्षं पडून होतं. सरांच्या बाजूने जातंय तेही, नाइलाजाने सांगतो.

जुना_कॅनव्हास

नाइलाज मंजूर.

अवनी९

आभाळाचा विषय निघालाच आहे तर लुडविग माइडनरबद्दल लिहू का? मी एम.ए.ला त्याच्यावर छोटा प्रकल्प केला होता. अवांतर वाटलं तर सांगा.

मुंकचं आभाळ स्थिर आहे, माइडनरचं कोसळतं. हा बर्लिनचा चित्रकार. १९१२च्या उन्हाळ्यात, भयंकर उकाड्यात, त्याने 'प्रलयदृश्यं' काढायला घेतली. रस्ते फाटलेले, इमारती नशेत असल्यासारख्या झुकलेल्या, माणसं मुंगीएवढी, आणि वर आभाळात शेंडेनक्षत्र. कॅनव्हासला पैसे नसायचे म्हणून बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी चित्रं काढायचा. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही चित्रं आहेत, म्हणून त्याला द्रष्टा वगैरे ठरवतात. पण शेंडेनक्षत्र त्याने कल्पनेतून आणलं नव्हतं. १९१०मध्ये आभाळात एकामागून एक दोन धूमकेतू येऊन गेले होते. जानेवारीत एक, दिवसाउजेडी दिसणारा, आणि मे महिन्यात हॅली. हॅलीच्या शेपटीत विषारी सायनोजेन वायू आहे असं शास्त्रज्ञांना दिसलं होतं आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. झालं! लोकांनी दाराच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्याही विकल्या गेल्या. पुढे काहीच झालं नाही. पण ज्यांनी ती एक रात्र जीव मुठीत धरून काढली त्यांना आभाळाची भीती कळली होती. माइडनर तीच भीती दोन वर्षांनी शहरावर ओततो.

माझी पणजी १९१०मध्ये लहान होती. आजी सांगायची की पणजी शेंडेनक्षत्र हा शब्दसुद्धा तिन्हीसांजेला उच्चारू देत नसे.

गुहागरी

शेंडेनक्षत्र! किती वर्षांनी वाचला हा शब्द.

निशिगंध_

या माइडनरचं पुढे काय झालं?

अवनी९

ज्यू होता. १९३७मध्ये नाझींनी म्युनिकला 'भ्रष्ट कला' म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात त्याचीही चित्रं होती. १९३९मध्ये इंग्लंडला गेला, युद्धानंतर जर्मनीत परतला. त्याच काळात जर्मन संग्रहालयांतून मुंकचीही ८२ चित्रं काढून घेतली गेली.

जुना_कॅनव्हास

अवनी९, अवांतर कसलं? हाच तर मुद्दा. आणि याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्याच नाझींपासून निसटून व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८च्या सुमारास मुंबईत आले, टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाले. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन समीक्षकही इथेच. रझा, आरा, सुझा ही तेव्हाची तरुण चित्रकार मंडळी या दोघांकडे जमायची आणि युरोपातली चित्रं छापील प्रतींमधून बघायची. पुढे रझा फ्रान्सला गेले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या काही चित्रांत घरांच्या डोक्यावर काळा सूर्य आहे. बिंदू बिंदू म्हणून आपण नंतरचं जे मिरवतो त्याच्या आधी हा काळा सूर्य बघावा असं मी पोरांना सांगायचो.

तारांगणांसाठी एक खाऊ: आन्सेल्म कीफर. जर्मन, १९४५चा जन्म, नव-अभिव्यक्तिवादी म्हणतात त्याला. तो पुरुषभर उंचीच्या दुप्पट-तिप्पट कॅनव्हासवर काळं आभाळ करतो आणि काही चित्रांत ताऱ्यांना चक्क नासाच्या यादीतले क्रमांक घालतो. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं १९९७चं एक चित्र आहे, वर ताऱ्यांचा खच आणि खाली जमिनीवर शवासनात पडलेला एक माणूस, एवढासा.

तारांगण

क्रमांक! हा माणूस आपला.

फिरस्ती

मंडळी, काल ओस्लो विद्यापीठाच्या आउलात, म्हणजे समारंभाच्या सभागृहात, जायचा योग आला. समोरच्या भिंतीवर मुंकचा 'सूर्य'. साडेचार मीटर उंच, जवळपास आठ मीटर रुंद. फोटोत पाहिला होता तेव्हा कॅलेंडरवरचा वाटला होता. समोर बसल्यावर डोळे बारीक झाले, खरंच. मधोमध पांढरा गोळा आहे आणि किरण नुसते पिवळे नाहीत, प्रत्येकाच्या कडेला निळा, तांबडा, हिरवा. दिव्याकडे बघून डोळे मिटल्यावर पापणीच्या आत जे रंग दिसतात ना, तसे. खाली क्रागेरो या किनाऱ्यावरच्या गावाचे खडक आणि समुद्र. १९०८-०९मध्ये मुंक कोपनहेगनच्या एका दवाखान्यात मानसिक उपचार घेत होता. तिथून सुटून तो क्रागेरोला राहायला गेला आणि उघड्यावर लाकडी आडोसे उभारून हे प्रचंड कॅनव्हास रंगवले. बर्फ पडला तरी बाहेरच. विद्यापीठाने बरीच वर्षं घोळ घातला, चित्रं लागायला १९१६ उजाडलं.

याच सभागृहात १९४७ ते १९८९पर्यंत शांततेचं नोबेल दिलं जायचं. मदर तेरेसांनी १९७९मध्ये ते घेतलं ते या सूर्यासमोर उभं राहून. मी मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून हे सगळं आठवत होते आणि शेजारचा विद्यार्थी मोबाइलवर फुटबॉल बघत होता.

समई मात्र इथे नाही. इथे सूर्य आपला उजेड चहूकडे फेकतो.

जुना_कॅनव्हास

फिरस्तीताई, 'चित्रातलं मला फारसं कळत नाही' हे वाक्य धाग्यातून काढून टाका आता.

निशिगंध_

एक कोडं माझ्याकडूनही. मुंकचंच 'धक्क्यावरच्या मुली', १९०१च्या आसपासचं. तीन मुली कठड्यावर वाकून पाण्यात बघताहेत. मागे घर आणि मोठं झाड, आणि आभाळात पिवळा गोळा. घराचं, झाडाचं प्रतिबिंब पाण्यात आहे. गोळ्याचं नाही! माझ्याकडच्या पुस्तकात लिहिलंय की हे हरवलेल्या निरागसतेचं प्रतीक.

तारांगण

हे माझं आवडतं प्रकरण. ओल्सन आणि मंडळींनी ओस्गोर्स्त्रांदला जाऊन तपासलं होतं. गोळा चंद्र आहे, आणि त्याचं प्रतिबिंब झाडा-घराआड लपतं. प्रतीक नाही, प्रकाशाचा नियम.

पटत नसेल तर घरी करा. टेबलावर आरसा आडवा ठेवा. त्याच्या पलीकडच्या कडेला तांब्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिवा. आता डोकं असं खालीवर करा की दिवा तांब्याच्या काठाच्या अगदी जरासा वर दिसेल. मग आरशात बघा. तांब्या दिसेल, दिवा नाही. कारण आरशात तुम्ही जणू टेबलाखालून वर बघत असता, आणि खालून बघणाऱ्याला जवळची वस्तू जास्त उंच वाटते.

वरणफळ

केलं. खरंच दिवा गायब. बायको विचारतेय जेवायच्या टेबलावर तांब्याची पूजा का चाललीय.

गुहागरी

आमच्याकडे देवळाच्या तळ्यावर हे रोज होतं. दीपमाळेच्या वर चंद्र दिसतो, तळ्यात नुसती दीपमाळ. आज कारण कळलं.

जुना_कॅनव्हास

नियम पटला. तरी निशिगंध, तुमचं पुस्तक फेकू नका. मुंक दुसऱ्या जागी उभा राहिला असता तर प्रतिबिंब दिसलं असतं. तो इथे उभा राहिला. ज्याने आयुष्यभर चंद्राचा खांब काढला त्याने या एका चित्रात नेमकी तो न दिसणारी जागा पकडली, आणि तीन मुलींना त्याच रिकाम्या पाण्यात बघायला लावलं.

फिरस्ती

शनिवारी ओस्गोर्स्त्रांदला जाऊन आले. ओस्लोहून दीड तासावर. मुंकने १८९०च्या दशकाच्या शेवटी घेतलेलं कोळ्याचं घर अजून आहे, पिवळं, इतकं बुटकं की उंच माणसाने वाकूनच यावं. धक्का आहे, कठडा आहे. चंद्र दहाच्या सुमारास पाण्यावर आला. पन्नासेक फोटो काढले. सगळ्यांत एक पांढरा ठिपका आणि खाली काहीतरी चकाकतंय. आईला व्हॉट्सॲपवर पाठवले तर ती म्हणाली, "यात समई नाही आली."

जुना_कॅनव्हास

येणार नाही. कॅमेरा एका क्षणाचं बघतो. आईंना सांगा, त्यांनी केबिनवर पाहिलेला चंद्र कागदावर काढा म्हणावं. फोटो न बघता. शाळेतले तेलखडू चालतील.

फिरस्ती

आईचं चित्र आलंय, खाली डकवते. भाचीचे तेलखडू, पिठाच्या गिरणीच्या पावतीची मागची बाजू. चंद्र ताटाएवढा, शेंदरी. खांब थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत, तिथे आमच्या दोघींच्या चपला. मागे डोंगर काळे.

तारांगण

सुंदर. फक्त नोंदीसाठी विचारतो: चित्रात चंद्र डोंगरांच्या पुढे आहे. प्रत्यक्षात मागे असणार ना?

फिरस्ती

विचारलं. आई म्हणते, "असू दे. मला पुढेच दिसला."